चौदा दगडांची वाट

१

जानेवारी २०००मधल्या एका शनिवारी सकाळी औरंगाबादचे निवृत्त शिक्षक गिरिधर पाठक काळदऱ्याच्या रानात बारा फूट खोल घळीत कोसळले, तेव्हा त्यांच्या हातात वामनराव आष्टीकरांनी काढलेला नकाशा होता. डावा पाय नडगीत मोडला. नकाशा मात्र शाबूत राहिला.

ही बातमी वामनरावांना रविवारी सकाळी जालन्यात फोनवरून कळली. पलीकडे खडकगव्हाणचे रामकिसन होते, वनसंरक्षण समितीचे अध्यक्ष. फोन करायला ते परतूरला आले होते.

"साहेब, मास्तर म्हणून राह्यले, नकाशा चुकीचा हाय," रामकिसन म्हणाले. "आपण बराबर मोजून लावल्ते ना दगड?"

भूमी अभिलेख कार्यालयात त्यांनी पस्तीस वर्षं मोजणी केली होती. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्यावर रामकिसन त्यांच्याकडे आले आणि रानातून पाहुण्यांसाठी एक वाट आखून द्या म्हणाले. वामनरावांनी आठ दिवस राहून टेप धरून वाट आखली, दर पंधरा मीटरवर एक असे चाळीस दगड लावले, दगडांना चुना दिला आणि प्रत्येकावर स्वतःच्या हाताने काळ्या रंगात आकडा घातला. निवृत्तीनंतर केलेलं एवढं एकच काम. ते चुकलं असेल आणि त्यापायी एका माणसाचा पाय गेला असेल, या विचारातच त्यांनी फोन ठेवला आणि नकाशाची आपली प्रत पिशवीत घातली.

पाठकांना जालन्याच्याच एका दवाखान्यात ठेवलं होतं. वामनराव तडक तिकडे गेले. पाय प्लास्टरमध्ये टांगलेला, तरी मास्तरांचा चेहरा शांत होता. वामनरावांनी आपलं नाव सांगितलं आणि मान खाली घातली.

"तुमच्यावर राग नाही," पाठक म्हणाले. "पण खरं ते सांगतो. मी नकाशाही पाहत होतो आणि दगडही. सोळाव्या दगडापर्यंत दोघांचं जुळत होतं. पुढे जुळेना. नकाशा सरळ जा म्हणत होता, दगड उजवीकडे वळत होते. मी दगडांचं ऐकलं."

"कडूबा सोबत नव्हता? रखवालदार?"

"होता ना. आमच्यातल्या एका बाईंची चप्पल तुटली म्हणून तो मागे थांबला. मी पुढे निघालो, चूक माझीही आहे. आणखी एक सांगू? शेवटी शेवटी दगड फार लांब लांब होत गेले. सव्विसाव्यानंतर तर पुढचा दिसेचना. मग समोर झाडीत काहीतरी पांढरं दिसलं. म्हटलं, हाच सत्ताविसावा. तिकडे चालत गेलो आणि पायाखाली जमीनच नव्हती."

वामनरावांनी पिशवीतून आपल्याजवळची नकाशाची प्रत काढली आणि खाटेवर पसरली. त्यांनी आखलेली वाट त्या घळीपासून शंभर पावलं पश्चिमेला होती. नकाशात चूक नव्हती.

म्हणजे वाटच उठून घळीकडे गेली होती.

२

दुपारच्या गाडीने ते परतूरला उतरले आणि तिथून जीपने खडकगव्हाणला पोचले. गावामागे काळदऱ्याचा डोंगर. काळा खडक, त्यावर जेमतेम वीतभर माती, आणि त्या मातीवर धावडा, सालई, पळस, टेंभुर्णी. रामकिसन पाहुण्यांना सांगत, "कोट्यवधी वर्षांपूर्वी येथे तप्त लाव्हारस वाहिला." हे वाक्य त्यांनी पाठ केलं होतं. पुढचं मात्र ते आपल्या भाषेत सांगत: "वीतभर माती साचायला हजारो वर्षं गेली. ती वाहून जायला एक पाऊसकाळ बास हाय. म्हणून वाट सोडायची न्हाई."

सात वर्षांपूर्वी गावाने कुऱ्हाडबंदी केली, मग चराईबंदी. रान उभं राहिलं. डोंगराच्या माथ्याजवळ लाव्हा थिजताना तयार झालेले सहा कोनांचे दगडी खांब होते, ते पाहायला लोक येऊ लागले. जांब समर्थच्या दर्शनाला आलेले यात्रेकरू वाट वाकडी करून येत. समितीने नियम केला: दिवसाला बाराच पाहुणे, तेरावा आला तर त्याला चहा पाजून परत पाठवायचं. गावातल्या आठ बायका पाहुण्यांचा स्वयंपाक करत, पळसाच्या पत्रावळीवर जेवण वाढत. रामकिसनच्या पत्नी पुष्पाबाई त्यांच्या प्रमुख.

आज मात्र रामकिसनच्या ओसरीवर सुतकासारखी शांतता होती.

"मंगळवारी वनाधिकारी येऊन राह्यले," रामकिसन म्हणाले. "वाट धोक्याची हाय असं त्यांनी लिहिलं, की रान बंद. पाहुणे बंद. अन् एकदा पाहुणे बंद झाले की अण्णासाहेबांची खदान सुरू. त्यांचा अर्ज दोन वर्षांपासून पडून हाय. मी उद्या पोलिसात त्यांचं नाव देतो."

"पुरावा आहे?"

"दुसरं कोण करणार साहेब?"

"मला उद्याचा दिवस द्या," वामनराव म्हणाले. "मंगळवारी सकाळी मी सांगतो, मग काय ते करा."

पुष्पाबाई चहा घेऊन आल्या. पन्नाशीच्या, शांत चेहऱ्याच्या बाई. वामनरावांच्या पुढ्यात कप ठेवताना त्यांनी विचारलं, "मास्तरांचं कसं हाय आता?" उत्तर ऐकेपर्यंत त्या हलल्या नाहीत. पाय दीड महिन्यात जुळेल असं ऐकल्यावर त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि आत वळल्या.

तेवढ्यात अंगणात चतुराबाई आली. साठीची, काटक, एकटी राहणारी बाई. पळसाची पानं तोडून आणणं हे तिचं काम. डोक्यावर पानांचा भला मोठा भारा होता. पुष्पाबाई लगबगीने पुढे झाल्या आणि दोघींनी मिळून तो खाली उतरवला. चतुराबाईच्या डोक्यावरची चुंबळ निसटून वामनरावांच्या पायाशी पडली. त्यांनी ती उचलून दिली. बोटांना पांढरं काहीतरी लागलं. पीठ असावं, असं वाटून त्यांनी ते धोतराला पुसलं.

"मोजणीसाहेब आले वाटतं," चतुराबाई म्हणाली. तिच्या आवाजात स्वागत नव्हतं. "आता कोणाला फाशी देता?"

ती गेल्यावर रामकिसन हळूच म्हणाले, "तिचं मनावर घेऊ नका. चराईबंदी झाल्यापासून ती समितीवर जळती. त्यात यंदा लांडग्यानं तिच्या अकरापैकी सात शेळ्या नेल्या. गावात सगळ्यात जास्त नुकसान तिचंच झालं."

३

सोमवारी सकाळी उन्हं तापायच्या आत वामनराव कडूबाला घेऊन रानात शिरले. कडूबा चाळिशीचा, समितीने नेमलेला रखवालदार. तो सारखा मागे राहत होता.

सोळाव्या दगडापर्यंत सगळं जागच्या जागी होतं. सतराव्याच्या जागी जमिनीत फक्त एक खळगा दिसला. पुढे जुन्या वाटेवर बोरीच्या काटेरी फांद्या आडव्या टाकलेल्या. वामनरावांनी एक फांदी उचलून तिचं टोक पाहिलं. कुऱ्हाडीचा घाव असा नसतो. हा विळ्याचा काप होता.

सतरावा दगड उजवीकडे, नव्या वाटेवर सापडला. मग अठरावा, एकोणिसावा. वामनराव टेप धरून मोजत गेले. सुरुवातीला दोन दगडांत पंधरा मीटर, मग वीस, मग तीस. सव्विसावा आणि सत्ताविसावा यांच्यामध्ये पंचेचाळीस मीटर आणि मधे एक वळण. वळणावरून सरळ पाहिलं की झाडीत पांढऱ्या खोडाचा कांडोळ उभा होता. मास्तरांनी पाहिलेला 'दगड' तो. त्याच्या अलीकडे घळ.

सतरा ते तीस. एकूण चौदा दगड हलवले होते. एकतिसाव्यापाशी नवी वाट पुन्हा जुनीला मिळत होती.

वामनराव गुडघ्यावर बसले आणि एकविसावा दगड तिरका करून त्याखालची माती पाहू लागले. मातीवर पावसाच्या थेंबांचे बारीक खळगे होते, वाळून घट्ट झालेले.

"इतक्यात पाऊस कधी झाला, कडूबा?"

"गुरुवारी संध्याकाळी. अवकाळी. थोडाच आल्ता."

"म्हणजे गुरुवारी पाऊस पडला तेव्हा ही जागा उघडी होती. दगड नंतर आला. आणि जुन्या जागेवरचे खळगे पाहिलेस? आतली माती गुळगुळीत आहे, थेंबाची एक खूण नाही. पाऊस पडताना तिथे दगड होता. शुक्रवार उजाडल्यापासून शनिवारी पाहुणे येईपर्यंत, एवढ्याच वेळात हे झालं." वामनराव उठून उभे राहिले. "शुक्रवारी रानात कोण होतं?"

"मीच होतो ना साहेब. दिवसभर."

"मग चौदा दगड तुझ्यासमोर गेले."

कडूबा दोन पावलं मागे सरकला.

"दोनच गोष्टी होऊ शकतात," वामनराव सावकाश म्हणाले. "एक तर हे तू केलंस, नाही तर तू इथे नव्हतास."

४

"तीर्थपुरीच्या बाजाराला गेल्तो," कडूबा शेवटी म्हणाला. "शुक्रवारी पाहुणे नसतात. सगळा गाव बाजाराला जातो. सकाळी गेल्तो, दिवे लागायला आलो. मंग शनिवारी सकाळी वाट न बघताच पाहुण्यांना आत नेलं. साहेब, मी गेलो नसतो तर मास्तर पडले नसते. मला हे कोणाला सांगता येत न्हाई."

तो खोटं बोलत नव्हता. बाजारात त्याच्यासोबत गावातले दहा जण होते. वामनरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुला काय वाटतं, कोणी केलं असेल?"

"अण्णासाहेबांचं नाव घेऊन राह्यले सगळे. पण मला चतुराबाईचा वहीम येतो. ती म्हणलीच होती भर सभेत, तुमची वाट मोडली तर मला सुख वाटेल म्हणून. फक्त ते दगड तिला कसे उचलणार? मला एकट्याला चार ठिकाणी टेकवावे लागतात."

वामनरावांनी हे शेवटचं वाक्य मनात टिपून ठेवलं. परतताना ते आधी अण्णासाहेबांच्या वाडीवर गेले.

अण्णासाहेब म्हणजे पन्नास एकरांचे धनी. परसात हरभऱ्याची सोंगणी पाहत बसले होते. त्यांनी वामनरावांना बाज दिली, पाणी दिलं आणि स्वतःच विषय काढला.

"माझं नाव घ्यायला आलात."

"विचारायला आलो."

"मंग ऐका. मला खदान पाहिजे, हे मी लपवत न्हाई. त्या काळ्या दगडाला भाव हाय, अन् गावात पोरं रिकामी हायत. हे रान झाकून ठेवून कोणाचं पोट भरतं, ते रामकिसनलाच माहीत. पण साहेब, मी शुक्रवारी बाजार समितीत परतूरला होतो, माझे गडी माझ्या कापसाच्या गाडीवर. अन् समजा मला हे करायचंच असतं," अण्णासाहेब किंचित हसले, "तर एवढे कष्ट कशाला? घळीपाशी एक दगड इकडचा तिकडे केला, की झालं काम."

वामनराव पाणी पिता पिता थांबले.

"पुन्हा सांगा."

"काय?"

"एक दगड, म्हणालात ना?"

अण्णासाहेबांना कळेना, या माणसाचा चेहरा एकदम असा का उजळला.

५

दुपारी वामनराव एकटेच पुन्हा रानात गेले आणि सतराव्या दगडाच्या रिकाम्या खळग्यापाशी बसले. गुन्हा उकलायची त्यांना सवय नव्हती. बांधाचे तंटे मात्र त्यांनी शेकड्याने सोडवले होते. बांध सरकवणारा माणूस काय मिळवू पाहतो हे कळलं की तो कोण हे कळायला फारसा वेळ लागत नाही.

ज्याला माणूस पाडायचा असेल, तो एक दगड हलवील. चौदा दगड कोण हलवील? ज्याला वाटच दुसरीकडून न्यायची आहे तो. म्हणजे कोणी पाडलं नाही, मास्तर पडले. नवी वाट जुनीपेक्षा लांब होती आणि दगड तेवढेच होते. सुरुवातीला पंधरा-पंधरा मीटरवर मांडले, मग पुरणार नाहीत असं दिसल्यावर अंतर वाढवत नेलं. नेमकं वळणावर एक दगड हवा होता, तोच उरला नाही.

पण नेले कसे? खडकावर पहारीने ढकलल्याचा एक ओरखडा नव्हता. गाडीच्या चाकोऱ्या नव्हत्या. कडूबासारखा गडी हातात धरून नेताना चार ठिकाणी टेकवतो. मग चौदा दगड नेताना वाटेत पन्नास ठिकाणी चुन्याचे डाग पडायला हवे होते. वामनरावांनी दोन्ही वाटांमधला प्रत्येक खडक पाहिला. डाग एकही नव्हता. दगड उचलल्यापासून ठेवीपर्यंत कुठेच टेकला नव्हता.

असं ओझं गडीमाणूस नेत नाही. असं ओझं डोक्यावरून जातं, चुंबळीवरून.

त्यांनी आपल्या धोतरावरचा कालचा पांढरा डाग पाहिला. तो घासून बोट जिभेला लावलं. पीठ नव्हतं. चुना होता.

आणखी एक गोष्ट सकाळीच डोळ्यांत भरली होती, पण अर्थ लागला नव्हता. दगड क्रमाने होते, सतरानंतर अठरा, अठरानंतर एकोणीस. तरी त्यांतल्या पाच दगडांवरचे आकडे उलटे होते, डोकं खाली पाय वर. ठेवणाऱ्या माणसाला आकडा वाचता येत नव्हता. पळसाची पानं विळ्याने कापणारी, निरक्षर, डोक्यावर भारा वाहण्यात जन्म गेलेली बाई. चतुराबाई.

एक प्रश्न उरत होता. डोक्यावरचा दगड बाई एकटी खाली उतरवील, पण एवढा जड दगड एकटीला डोक्यावर घेता येत नाही. द्यायला दुसरं माणूस लागतं. शुक्रवारी सगळा गाव बाजारात होता. मागे कोण राहिलं होतं?

काल भारा उतरवायला जी लगबगीने पुढे झाली, मास्तरांच्या पायाचं ऐकेपर्यंत जी जागची हलली नाही, तिचा चेहरा वामनरावांना आठवला. त्यांना ते नको होतं. रामकिसनच्या घरचं मीठ त्यांनी आठ दिवस खाल्लं होतं.

६

चतुराबाईचं घर गावाच्या टोकाला होतं. वामनराव पोचले तेव्हा दाराशी चार शेळ्या बांधलेल्या होत्या आणि ओट्यावर दोघी पत्रावळी लावत बसल्या होत्या. पुष्पाबाई त्यांना पाहून उठल्या, मग पुन्हा बसल्या.

"वहिनी," वामनराव म्हणाले, "दगड तुम्ही डोक्यावर दिले आणि चतुराबाईंनी नेले. कधी, कसे, ते सगळं मला कळलं आहे. कोणाला पाडायचं नव्हतं, हेही कळलंय. फक्त का, ते कळत नाही."

चतुराबाईच्या हातातली काडी पानात अर्धी टोचलेली राहिली.

"मावशी, सांगून टाक," पुष्पाबाई म्हणाल्या. "शनिवारपासून मला घास गिळून न्हाई राह्यला."

"सांगून कळायचं न्हाई," चतुराबाई उठत म्हणाली. "चला. बोलायचं न्हाई, खोकायचं न्हाई."

तिने त्यांना डोंगराच्या दुसऱ्या अंगाने वर नेलं, वाऱ्याच्या उलट बाजूने. ऊन कलतं झालं होतं. एका खडकाआड बसवून तिने बोट दाखवलं. खाली जुनी वाट दिसत होती, बाविसाव्या दगडाचा रिकामा खळगाही. त्यापासून वीस पावलांवर घाणेरीच्या जाळीमागे खडकात एक काळं भोक होतं. लाव्हा वरून थिजला आणि आतून वाहत राहिला, की अशी पोकळ नळी मागे राहते. टेप घेऊन वामनराव तिथून तीनदा गेले होते आणि त्यांना ती दिसली नव्हती.

पाव तास काही झालं नाही. मग भोकातून एक लांडगीण बाहेर आली. करड्या रंगाची, कुत्र्यापेक्षा उंच, बरगड्या दिसत होत्या. ती पुढचा एक पाय टेकत नव्हती. तिने हवेत नाक उचललं, थांबली आणि उन्हात आडवी झाली. तिच्यामागून काळसर गोळे धडपडत बाहेर आले आणि तिच्या पोटाला लागले. वामनरावांनी आयुष्यात पुष्कळ रान पाहिलं होतं. असं कधी पाहिलं नव्हतं.

परत येताना ओढ्यापाशी आल्यावर चतुराबाई बोलली.

"सातवी शेळी गेली तवा मी दगड घेऊन तिच्या मागं गेल्ते. ठेचायचीच म्हणून. नळीच्या तोंडाशी गेले अन् आतून पिल्लांचा आवाज आला. बारीक. दगड हातातच राह्यला. ती लंगडी हाय साहेब. डुकरांसाठी कोणीतरी तारेचा फास लावल्ता, त्यात पाय गेला. हरणामागं तिला पळता येत न्हाई. माझ्या शेळ्यांवर जगली ती. आता ठेचून माझ्या शेळ्या परत येणार हायत का?"

"पण मग समितीला का नाही सांगितलं? रामकिसनला?"

उत्तर पुष्पाबाईंनी दिलं. "त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी वनाधिकाऱ्यांना कळवलं असतं, अन् सगळं रान बंद झालं असतं. आम्हा आठ बायकांचं काम गेलं असतं. ते एक. दुसरं म्हणजे, त्यांना राहवलं नसतं. मनानं चांगले हायत, पण कौतुक लई. पाहुण्यांना म्हणाले असते, या, लांडग्याची पिल्लं दाखवतो. बारा माणसं रोज तिथं उभी राह्यली असती. ती पिल्लं टाकून गेली असती, न्हाई तर गावातल्या कोणी धूर केला असता."

वामनराव चालता चालता थांबले. नळी दिसली असती तर बावीस नंबरच्या बाजूला एक बाण काढून 'लांडग्याचे घर' असं त्यांनी स्वतःच नकाशात लिहिलं असतं. हे त्यांना इतकं स्पष्ट दिसलं की दुसऱ्या कोणाला बोल लावायची त्यांची इच्छाच मावळली.

"दगड कमी पडले," चतुराबाई म्हणाली. "चुना अन् नवे दगड समितीच्या खोलीत कुलपात. वळणावर एक पाहिजे होता, मला कळत होतं. म्हटलं, दिसंल लोकांना. न्हाई दिसला."

"उद्या मला सभेत खरं सांगावं लागेल," वामनराव म्हणाले. "नाही तर रामकिसन अण्णासाहेबांवर फिर्याद करतील. आणि वनाधिकारी समजतील की कोणीतरी मुद्दाम माणसं पाडतो. रान तसंही बंद होईल."

"तुम्ही कशाला सांगता?" पुष्पाबाई म्हणाल्या. "केलं आम्ही."

७

मंगळवारी सभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. वनाधिकारी तरुण होते, वही उघडून बसले होते. अण्णासाहेब खुर्चीवर, बाकी गाव जमिनीवर. वामनरावांनी टेपने मोजलेली अंतरं वाचून दाखवली आणि नकाशात चूक नव्हती एवढंच सांगून ते खाली बसले. मग पुष्पाबाई उभ्या राहिल्या. सभेत त्या पहिल्यांदाच बोलत होत्या. दगड आपण दिले, मावशीने नेले, मास्तरांचा पाय आपल्यामुळे मोडला, आणि हे सगळं कशासाठी केलं, ते त्यांनी न अडखळता सांगितलं.

रामकिसन बायकोकडे बघतच राहिले. "मला का न्हाई सांगितलं?"

"तुम्ही बोर्ड लावला असता."

लोक हसले. रामकिसन हसले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी मान हलवली, कारण ते खरं होतं.

हसणं लवकरच विरलं. मागून कोणीतरी म्हणालं, धूर लावला की एका दुपारचं काम हाय. दोघा-तिघांनी माना डोलावल्या. अण्णासाहेबांनी विचारलं, "लांडगे जपायचे, अन् शेळ्या कोणाच्या जायच्या?"

चतुराबाई बसल्या जागेवरूनच बोलली. "गेल्या त्या माझ्या गेल्या. सात. तुमची एक तरी गेली का? कोणाची गेली असंल त्यानं हात वर करावा."

हात वर झाला नाही.

"मंग धूर लावायचा हक्क बी माझाच हाय. मी लावत न्हाई."

धुराचं बोलणारा माणूस आपल्या चपलेचा अंगठा चाचपू लागला. कडूबा उठला आणि म्हणाला की नळीच्या बाजूला तो रोज दोनदा फेरी मारील, बाजाराच्या दिवशीसुद्धा. बाजार या शब्दावर त्याचा आवाज अडखळला. शनिवारी आपण वाट न बघता पाहुण्यांना नेलं, हेही त्याने तिथेच सांगून टाकलं.

वनाधिकाऱ्यांनी बराच वेळ लिहिलं. मग वाचून दाखवलं. सतरा ते तीस क्रमांकाची जुनी वाट कायमची बंद. नवी वाट नीट मोजून, दगड पुरते लावून, घळीला लाकडी कठडा घालून सुरू करावी. तोवर पाहुण्यांनी सोळाव्या दगडावरून परत फिरावं. रखवालदाराशिवाय एकानेही पुढे जाऊ नये. "आणि न विचारता दगड हलवू नयेत," ते दोघींकडे बघून म्हणाले. "विचारायला माणसं कमी पडतात, हे मला माहीत आहे. तरी विचारा."

उठता उठता अण्णासाहेब चतुराबाईपाशी थांबले. "ओढ्यापलीकडं माझं पडीक हाय. शेळ्या तिकडं चारत जा. लांडगीण तिथवर येत न्हाई." मग रामकिसनकडे वळून म्हणाले, "खदानीचा अर्ज मी मागं घेतलेला न्हाई, ध्यानात ठेव."

"ठेवलं," रामकिसन म्हणाले.

बुधवारी वामनरावांबरोबर दोघी जालन्याला आल्या. मास्तरांसाठी भाकरी, ठेचा आणि वाटीभर तूप आणलं होतं. चतुराबाई खाटेपासून लांब, भिंतीला टेकून उभी राहिली. पुष्पाबाईंनी सगळं सांगितलं आणि माफी मागितली. पाठक मास्तर ऐकत राहिले. त्यांना राग आला असावा. ते टांगलेल्या पायाकडे बघत होते. माफ केलं असं काही ते म्हणाले नाहीत. मग त्यांनी चतुराबाईला जवळ बोलावलं.

"पिल्लं किती आहेत?"

"मोजली न्हाईत, मास्तर."

फेब्रुवारीत वामनरावांनी नवी वाट आखली. चतुराबाई पुढे चालायची, ती जिथे वळेल तिथे ते खुंटी मारायचे. या खेपेला दगड चाळीसऐवजी अठ्ठेचाळीस लागले. घरी येऊन त्यांनी नवा नकाशा काढायला घेतला. डोंगर, ओढा, खांब, घळ, कठडा, सगळं शाईने भरलं. मधे जुन्या वाटेच्या जागी एक मोकळा तुकडा राहिला. पस्तीस वर्षांत त्यांनी एकाही नकाशात कोरी जागा सोडली नव्हती. हाताखालच्या ज्या माणसांनी ती सोडली, त्यांना त्यांनी मेमो दिले होते. त्यांनी लेखणी उचलली, त्या कोऱ्या जागेत बारीक, वळणदार अक्षरात 'मोजणी केलेली नाही' असं लिहिलं, आणि खाली सही केली.